उपप्रश्न

माझी पाळी दहा मिनिटांची.
सदनाच्या मधोमध, खालच्या अंगाला टेबल,
तिथून बोलणाऱ्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत,
हात मात्र दिसतात.
बावीस वर्षं मी हातांचंच लघुलेखन करत आलेय.

त्या दिवशी तारांकित प्रश्न होता
घरगुती सिलिंडर कमी वजनाचे भरल्याबाबत.
हे खरे आहे काय?
उत्तर छापील : हे खरे नाही.
असल्यास, कोणती कारवाई केली?
प्रश्न उद्भवत नाही.

निलांबरी कोचरेकर उभ्या राहिल्या.
हातात गुंडाळलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
कोपऱ्यावर हळदीचा अंगठा.
अध्यक्षांनी बजावलं, सभागृहात वस्तू दाखवता येत नाहीत.
“दाखवत नाही, अध्यक्ष महाराज, वाचते.
भोईवाड्याच्या यमुनाबाई चिंदरकरांच्या भिंतीवरचं आहे.

तीन ऑगस्ट, सिलिंडर लावला.
सात ऑगस्ट, दूध नाही.
नऊ, पाहुणे चार, थालीपीठं.
तीन सप्टेंबर, संपला.
एकतीस दिवस.”

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं,
थालीपीठांना लोणी होतं का?
(हशा.) मी लिहिलं.

मंत्रिमहोदय सावकाश उठले.
गॅस किती दिवस पुरतो हे, अध्यक्ष महोदय,
त्या त्या गृहिणीच्या सवयीवर अवलंबून असतं.
कुणी डाळ भिजवून शिजवतं, कुणी तशीच.
आपण शासन म्हणून कुणाच्या डाळीत शिरू शकत नाही.
(हशा. बाके वाजवण्यात आली.)

“बारा नोव्हेंबर, नवा लावला,” बाईंनी वाचलं.
“एकोणीस नोव्हेंबर. हे गेले.”
पुढच्या तेरा चौकोनांत एकच अक्षर, ‘ब’.
“मी विचारलं त्यांना. ब म्हणजे बंद.
तेरा दिवस शेगडीला काडी लावली नाही.
मग तेरा डिसेंबर, संपला.
मोजा, अध्यक्ष महाराज.
पुन्हा एकतीस.”

तेवढ्यात तोच आवाज, जरा सवयीने,
भेटायला येणाऱ्यांना चहा तर झालाच असेल!

“चहा शेजारच्या झुलेखाबींकडून यायचा.
थर्मासमधून.
या तेरा दिवसांतल्या सवयी कोणाच्या,
एवढाच माझा उपप्रश्न.”

आमच्याकडे हशासाठी खूण आहे,
अडथळ्यासाठी, गोंधळासाठी,
सभात्यागासाठीसुद्धा.
त्यानंतर जे झालं त्याला नाही.
मंत्र्यांचा हात कागदांवरून फिरत राहिला,
खाली अधिकाऱ्यांच्या कक्षेतून एक चिठ्ठी निघाली,
ती पोचेपर्यंत मी पेन्सिल उचलून धरली
आणि वहीत दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल.
माझी पाळी संपली. आशुतोष येऊन बसला,
त्याच्या वाट्याला मच्छीमार सोसायट्या आल्या.

संध्याकाळी वरिष्ठांनी कच्ची प्रत तपासली.
ही जागा कसली? विचारलं.
काही ऐकू आलं नाही, सर.
त्यांनी लाल शाईने दोन्ही कडा जुळवल्या.
आता प्रश्नाला लागूनच उत्तर आहे,
जणू लगेच दिलं होतं.

शनिवारी सिलिंडर आला. वडाळ्याची आमची वसाहत,
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
मी दार अडवून म्हटलं, वजन करून द्या.
बोलताना जीभ उगीच कार्यालयीन झाली.
तो पोरगा, नाव छातीवर शिवलेलं, बजरंग,
माझ्याकडे बघत राहिला.
काटा खाली गाडीत आहे, ताई.
दोन वर्षांत कुणी मागितला नाही.
आणि मला विचाराल तर,
त्याने खांदा चोळला,
तिसऱ्या मजल्यावर सगळे भरलेलेच असतात.

मग काटा आणायला खाली गेला.
मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं,
शनिवारच्या चौकोनात दुधाचा हिशेब होता,
त्याच्या शेजारी
थोडी जागा शोधू लागले.